तळटीप : नवसागर

कल्हईच्या या वर्णनात लेखकाने एकदा ‘अमोनिया’ आणि एकदा ‘अमोनियम’ लिहिले आहे; दोन्ही जागी शब्द बरोबर आहेत. अमोनिया हा रेणू, सूत्र एनएच₃, त्यावर प्रभार नाही. त्याने एक हायड्रोजन आयन (एच⁺) घेतला की एनएच₄⁺ हा अमोनियम आयन होतो. एवढ्याशा फरकाने गुणधर्म पार बदलतात. अमोनिया हा नाकाला झोंबणारा वायू. अमोनियम सुटा बाटलीत भरता येत नाही, त्याला जोडीला ऋण आयन लागतोच. नवसागरात तो क्लोराइड (सीएल⁻) असतो, म्हणून सूत्र एनएच₄सीएल. कल्हईवाला तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागराची पूड टाकून कापसाचा बोळा फिरवतो, तेव्हा एनएच₃ आणि एचसीएल वेगळे होतात. एचसीएल भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढते, म्हणूनच कथिल धातूला घट्ट धरते. वर उठणारा पांढरा लोट मात्र अमोनियाचा नव्हे, तो वायू रंगहीन आहे. गार हवेत दोन्ही वायू पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचेच बारीक कण दिसू लागतात. — संपा.