कापसाच्या ट्रकची उंची कोण मोजणार?

विमानतळाजवळच्या बांधकामांच्या नियमांवर सध्या बरीच चर्चा चाललीय. माझ्या डोळ्यांपुढे मात्र एक ट्रकच येतो. आपल्या शहरातल्या जुन्या मंडळींच्याही येत असेल.

26 एप्रिल 1993. भर उन्हाळा, दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. आत 118 माणसं. धावपट्टी संपते तिथून बीड रोड जातो, आणि नेमका त्या वेळी कापसाच्या गाठी भरलेला ट्रक तिथून चालला होता. विमानाचं डावं चाक अन् इंजिन ट्रकला घासलं. पुढे तीनेक किलोमीटरवर ते विजेच्या तारांत अडकून कोसळलं. 55 जण गेले.

चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकांनी विमान उशिरा उचललं, हे एक. आणि उड्डाणाच्या वेळी बीड रोडवरची वाहतूक तेव्हाच्या नॅशनल एअरपोर्ट्स अथॉरिटीने रोखली नाही, हे दुसरं.

पुढच्या वर्षी, 1994 मध्ये, विमानांना अडथळा ठरणारी बांधकामं पाडण्याचे नियम आले. आता भारतीय वायुयान अधिनियम 2024 लागू झालाय. जून 2025 मध्ये, अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर आठवड्याच्या आत, केंद्राने त्याखाली नव्या नियमांचा मसुदा काढला. ठरलेल्या मर्यादेपेक्षा उंच इमारत किंवा झाड असेल तर मालकाला नोटीस, माहिती द्यायला 60 दिवस, आणि ऐकलं नाही तर कारवाई जिल्हाधिकाऱ्यांमार्फत.

कडक नियम हवेतच. पण बघा, आपल्याकडचा अडथळा ना इमारत होता ना झाड. तो चालता होता! अमेरिकेच्या नियमात साध्या सार्वजनिक रस्त्यावर 15 फूट आणि आंतरराज्य महामार्गावर 17 फूट उंची आधीच धरतात. म्हणजे रस्ता रिकामा असला तरी कागदावर तिथे ट्रक उभाच असतो.

आपल्या धावपट्टीच्या विस्ताराची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. जमीन किती, मोबदला किती, हे आपण विचारतोच, विचारायलाही हवं. त्यासोबत एवढंही विचारा: धावपट्टीच्या टोकाजवळच्या रस्त्यावरून जाणाऱ्या भरल्या ट्रकची उंची नकाशात धरली आहे का?

55 जिवांची किंमत मोजून शिकलेला धडा आहे हा. आपणच विसरलो, तर दिल्लीला कोण आठवण करून देणार?