३० जानेवारी १९६१ : मागणीबरहुकूम लिहिलेले गाणे

‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे गाणे या तारखेला अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत अव्वल ठरले. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला हा मान प्रथमच मिळाला. गटाचे नाव ‘द शिरेल्स’. चाल कॅरोल किंगची, वय १८; शब्द तिचा नवरा गेरी गॉफिनचे, वय २१. दोघेही न्यूयॉर्कच्या ‘अल्डन म्युझिक’साठी मागणीबरहुकूम गाणी रचत. अशी गाणी पोकळच असणार, हा आक्षेप जुना आहे. पण आजचे प्रेम उद्या टिकेल का, हे तरुणीने उघडपणे विचारणे तेव्हा धाडसाचेच होते. शब्द पुरुषाचे, हेही खरे. मात्र गटाची मुख्य गायिका शर्ली ओवेन्सच्या गळ्यात ना लाडीगोडी, ना तक्रार, निव्वळ शंका उरते. (तिला आधी हे गाणे फारच ‘कंट्री’ शैलीचे वाटले होते, तंतुवाद्यांची साथ चढल्यावर मत बदलले.) मागणीने विषय ठरवला असेल, सच्चेपणा नव्हे. १९७१ मध्ये, गॉफिनपासून विभक्त झालेल्या किंगने ‘टॅपेस्ट्री’ या आपल्या अल्बममध्ये तेच गाणे स्वतः, संथ लयीत गायले.