कोऱ्या नकाशाची गोष्ट

तलाठ्याच्या दप्तरात एखादे शेत चुकून पडीक म्हणून लागले, तरी त्यावरचे उभे पीक काही त्या क्षणी वाळत नाही. अनर्थ ओढवतो तो पुढे, तेच शेत दुसऱ्या कुणाच्या नावे लावून दिल्यावर. संगणकाच्या डिस्कवरील कारभार याहून फारसा निराळा नाही.

तेथील जमिनीचे तुकडे म्हणजे ब्लॉक, बहुधा चार किलोबाइटांचे. आणि दप्तर म्हणजे एक नकाशा, ज्यात प्रत्येक ब्लॉकसाठी एकच बिट. एक म्हणजे व्यापलेला, शून्य म्हणजे मोकळा. अशा ३२,७६८ ब्लॉकांचा एक गट होतो.

लिनक्सची एक्स्ट-४ ही फाईलव्यवस्था डिसेंबर २००८ मध्ये वापरास योग्य म्हणून जाहीर झाली. तीत एक सोय होती. जो गट अद्याप वापरलाच नाही, त्याचा नकाशा लिहून ठेवायचा नाही. ‘कोरा’ एवढी खूण करायची आणि गरज पडेल तेव्हा नकाशा नव्याने मांडायचा. तपासणीचा वेळ यामुळे पुष्कळ वाचे. परंतु एक कारकून नकाशात ब्लॉक व्यापल्याची नोंद करी आणि ‘कोरा’ ही खूण मागाहून पुसी. या दोन क्रियांमधील निमिषमात्र अवकाशात दुसरा कारकून आला, तर तो खूण पाहून नकाशा पुन्हा कोराच मांडी. पहिल्याची नोंद गेली! दोघेही नियमानेच वागले होते, हे विशेष.

हा दोष दूर करणारी दुरुस्ती आयबीएमच्या बंगळूर येथील एका अभियंत्याने लिहिली. जानेवारी २००९ मध्ये ती स्वीकारली गेली. तिचे सार एवढेच, की नोंद करणे आणि खूण पुसणे ही दोन्ही कामे एकाच कुलपाआड व्हावीत.

अशा चुका सापडतात कशा? थिओडोर त्सो यांच्या देखरेखीखाली वाढलेला तपासनीस कार्यक्रम नकाशावर मुळीच विश्वास ठेवत नाही. तो प्रत्येक फाईलीच्या दारी जाऊन तिचे ब्लॉक विचारतो, स्वतःचा नकाशा रचतो आणि पाचव्या फेरीत दोन्ही ताडून पाहतो. अर्थात डागडुजीची हत्यारेही निर्दोष नसतात: डिस्कची व्यवस्था वाढवून देणाऱ्या जोडकार्यक्रमातच क्वचित ती बिघडवणारा दोष होता, तो जानेवारी २०१३ मध्ये काढण्यात आला.

एकाच ब्लॉकवर दोन फाईलींनी हक्क सांगितला, तर हा तपासनीस दोघींना स्वतंत्र प्रत करून देतो. वाद मिटतो. मात्र दोन्ही प्रतींत मजकूर एकच असतो, शेवटी ज्याने लिहिले त्याचा. आधीचा गेलेला असतो.