गाडीवर चारशेवीस

आमच्या गाडीवर चारशेवीसचा गुन्हा दाखल झाला, तो धुळ्याहून अमळनेरला येताना.

गाडीचं नाव मी सांगणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं चारचौघांत सांगताना आडनाव घेऊ नये. एवढंच सांगतो की ती २०१३ सालची, सोळा व्हॉल्व्हची आणि तरुणपणी फार पळणारी अशी आहे. शून्यावरून शंभरचा वेग ती दहा सेकंदांच्या आत गाठत असे. मी स्वतः हे कधी पाहिलेलं नाही, कारण त्या दहा सेकंदांत मी डोळे मिटून घेत असे. गाडी चिरंजीवांची. ते स्टुटगार्टला गेले आणि जाताना ती आमच्या अंगणात, आणि अर्थात आमच्या गळ्यात, ठेवून गेले. तेव्हापासून ती माझ्या हातात आहे आणि पंचेचाळीसच्या पुढे गेलेली नाही. अरबी घोड्याला पिठाच्या गिरणीवर दळण न्यायला लावावं, तसं तिचं आयुष्य चाललं आहे.

तर त्या संध्याकाळी काचेमागे एक पिवळा दिवा लागला. दिव्यावर एक चित्र होतं. आमच्या शेजाऱ्यांनी ते पाहून ताबडतोब निदान केलं, "पाण्याची मोटर चालू राहिली असेल!" खानदेशातल्या माणसाला त्या चित्रात विहिरीवरची मोटर दिसावी यात त्याचा दोष नाही. ते इंजिनाचं चित्र आहे हे मलाही पुस्तिका वाचून कळलं. त्याच पानावर लाल रंगात एक तुपाची झारी होती. ती इंजिनातल्या तेलाच्या दाबाची खूण. नियम असा की लाल दिवा लागला तर गाडी तिथल्या तिथे थांबवायची, आणि पिवळा लागला तर घाबरायचं, पण चालवत राहायचं. पिवळा दिवा उघडझाप करू लागला तर मात्र पेट्रोल नीट जळत नाही असं समजून पाय आवरता घ्यायचा. माझा दिवा स्थिर होता. अस्थिर मी होतो.

आमच्या लहानपणी हे दिवे एवढे नव्हते. गावातल्या एका डॉक्टरांकडे फियाट अकराशे होती. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात, मुंबईत कुर्ल्याला ती तयार होई. पुढे तिचीच पद्मिनी झाली. तिच्या डॅशबोर्डवर दिवे मोजकेच होते. बाकी सगळं ड्रायव्हरच्या कानानं आणि नाकानं चाले. ही दिव्यांची फॅशन अमेरिकेत १९३० च्या दशकात हडसन कंपनीने आणली. त्याआधी तेलाच्या दाबाला काटा असे. काटा वाचायला अक्कल लागते. दिवा कुणालाही दिसतो. म्हणून जुने ड्रायव्हर त्या दिव्यांना चक्क 'मूर्खांचे दिवे' म्हणू लागले. आता माझ्या गाडीत असे वीस-बावीस दिवे आहेत. त्यावरून कंपनीचं माझ्याविषयी काय मत असेल, ते वाचकांनीच ताडावं.

पण या पिवळ्या दिव्याचा वंश वेगळा आहे, आणि तो सुरू होतो अननसापासून. कॅलिफोर्नियात हागेन-स्मिट नावाचे एक डच प्राध्यापक होते. अननसाला वास कशामुळे येतो, याचा अभ्यास करणं हा त्यांचा धंदा. बाहेर लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरणारं धुरकं पसरे आणि त्याचं कारण कुणाला उमगेना. १९५० च्या सुमारास या गृहस्थांनी अननस बाजूला ठेवला, शहराची हवा हुंगायला घेतली आणि सांगितलं, की मोटारींतून निघणारी वाफ आणि धूर उन्हात शिजतात, त्याचं हे धुरकं होतं. पुढे १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. याच मंडळाने १९८८ पासून गाड्यांना सक्ती केली, की धूर बिघडला तर गाडीने स्वतःच कबुली द्यावी. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या मोटारींना ही सक्ती झाली आणि कबुलीजबाबाची भाषाही एक ठरली. आपल्याकडे ही पद्धत २०१० नंतर आली. म्हणजे हा दिवा माझ्या इंजिनाच्या काळजीने लागलेला नव्हता. तो तुमच्या नाकाच्या काळजीने लागला होता.

मी गाडी एका मोठ्या शहरातल्या चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. तिथे गाडीला हात लावण्याआधी मला कॉफी दिली. खर्च मोठा येणार, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. टाय लावलेल्या एका मुलाने स्टीअरिंगखाली वायर जोडली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सर, पी-शून्य-चारशेवीस."

मी उडालोच. चारशेवीस हा आकडा आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेपासून फसवणुकीसाठी राखून ठेवलेला आहे. राज कपूरने १९५५ मध्ये त्याच्यावर सिनेमा काढला. २०२४ च्या जुलैपासून नवी संहिता आली, फसवणूक ३१८ व्या कलमात गेली, पण माणसाच्या तोंडी अजून चारशेवीसच आहे. आणि गंमत अशी, की मोटारींच्या त्या जागतिक भाषेतसुद्धा चारशेवीसचा अर्थ जवळजवळ तोच निघतो: कन्व्हर्टर काम करण्याचं नाटक करतोय!

कन्व्हर्टर म्हणजे धूर बाहेर पडायच्या वाटेवर बसवलेलं एक मधाचं पोळं. त्याच्या भोकांना आतून प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असल्या सोनारालाही घाम फोडणाऱ्या धातूंचा मुलामा असतो. विषारी धूर त्यातून जाताना पुष्कळसा निरुपद्रवी होतो. पोळ्याच्या पुढे एक आणि मागे एक, असे ऑक्सिजन हुंगणारे दोन सेन्सर असतात. पुढच्याचं माप सारखं वरखाली व्हायला हवं आणि मागच्याचं शांत राहायला हवं. दोघेही सारखेच नाचू लागले, की संगणक म्हणतो, मधला कामचुकार आहे. लाव दिवा!

"कन्व्हर्टर बदलावा लागेल," मुलगा म्हणाला. "शिवाय इंजिनात टिकटिक आहे. टॅपेट असणार. हेड उघडावं लागेल."

अंदाजपत्रकाचा आकडा मी इथे देत नाही. सौ. हा लेख वाचणार आहे. चिरंजीवांना फोन केला. ते म्हणाले, "बाबा, एवढा खर्च कशाला? भंगारात देऊन टाका." मी 'बरं' म्हटलं. ही मात्र काही बोलली नाही. मग रात्री जेवताना म्हणाली, "त्या टिकटिकीखाली आवाज तोच आहे हो. तो रात्री उशिरा यायचा ना, गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की मी गॅस पेटवायची. कधी चुकले नाही."

आता एवढं ऐकल्यावर भंगारवाल्याचा नंबर कोण फिरवणार!

बोरी नदीच्या बाजूला आमचे जुने मिस्तरी आहेत. एके काळी लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून ते गाडीचं भविष्य सांगत. लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला; मिस्तरींचा स्क्रू-ड्रायव्हर त्याच घराण्यातला. पट्टा किंचाळतो, टॅपेट टिकटिकतं, बेअरिंग गाडीच्या वेगाबरोबर घुमतं, आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग गेली की खालून जड ठकठक येते. ती आली की खिसा मोकळा करायचा. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं. धुराचंही शास्त्र त्यांचंच: निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, पांढरा हटता हटेना तर पाणी आत शिरतंय. आमच्या गावात प्रताप शेटजींचं तत्त्वज्ञान मंदिर १९१६ पासून आहे. धूर दिसला म्हणजे अग्नी असणार, हे अनुमान तिथल्या पंडितांना ठाऊकच होतं. पण अग्नीत काय बिघडलंय हे धुराच्या रंगावरून सांगणारा नैयायिक मला नदीकाठीच भेटला.

मी गाडी चालू केली आणि विचारलं, "मिस्तरी, टॅपेट आहे का?"

त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, माले आते ऐकू येत नही."

चाळीस वर्षं ज्या कानाच्या भरवशावर अर्ध्या तालुक्याच्या गाड्या चालल्या, तो कान गेला होता आणि गावाला पत्ता नव्हता. गिऱ्हाईक तुटेल म्हणून त्यांनी सांगितलंच नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून "चालायचंच" म्हणालो. इतका बावळट शब्द माझ्या तोंडून क्वचितच गेला असेल.

"गाडी रातभर आठेच राहू द्या," ते म्हणाले. "थंडी पाहिजे. आनि सकाळी वहिनीले लई या."

मी वहिनींची ख्याती मघाशी बोलता बोलता सांगितली होती, ती त्यांनी माझ्या ओठांवरून टिपली असावी. सकाळी ही स्टुलावर बसली. हातभर रबरी नळीचं एक टोक तिच्या कानाला, दुसरं मिस्तरींच्या हातात. पदर खोचून ही ऐकतेय, ते नळी फिरवतायत, आणि तो चमत्कार पाहायला चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झाली आहेत! वरच्या झाकणापाशी नळी नेली, हिने मान हलवली: नाही. पुढे पट्ट्यापाशी: नाही. खाली, धुराचे नळ इंजिनाला जिथे जोडलेले असतात तिथे नळी गेली मात्र, ही ओरडली, "इथेच! टिकटिक नाही हो ही, फुसफूस आहे!"

मिस्तरींनी बॅटरी मारली. सांध्यापाशी काजळीचा काळा ओघळ होता आणि एक बोल्ट तुटलेला. थंड इंजिनात त्या फटीतून धुराचा एकेक झटका सुटे आणि टिकटिक वाजे. धातू तापून फुगला की फट मिटे आणि आवाज दबे. हेड उघडायची गरजच नव्हती. आणि दिवा? दोन झटक्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाई. पुढच्या सेन्सरला वाटे, ऑक्सिजन उरतोय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. संगणक पेट्रोल वाढवी. त्या जादा पेट्रोलाचा भार कन्व्हर्टरवर, आणि शेवटी गुन्हाही त्याच्याच नावावर. फिर्याद खरी होती, आरोपी चुकला होता.

बोल्ट, गॅस्केट आणि मजुरी मिळून दोन हजार तीनशे रुपये झाले. दिवा लगेच गेला नाही. संगणकाला पुन्हा पुन्हा खात्री करून घ्यायची असते. आमच्या गावाचं आणि या संगणकाचं एक जुनं नातं आहे: विप्रो १९४५ साली इथेच वनस्पती तूप करायला निघाली आणि १९८० च्या दशकात संगणकाकडे वळली. झारीचा दिवा आणि संगणकाचा दिवा एकाच काचेमागे पाहून मला आपलं उगाचच गावातली माणसं भेटल्यासारखं वाटतं.

चौथ्या दिवशी सकाळी पिवळा दिवा विझला. हिने लगेच स्टुटगार्टला फोन लावला. तिकडे पहाट होती. हिने गाडी चालू करायला सांगितली आणि फोन बॉनेटपाशी धरला. पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं, झोपला परत.

मग तो म्हणाला, "बाबा, जरा रेस करा ना."