धूर, विस्तव आणि पुण्यातली प्रयोगशाळा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही आम्हाला तर्कशास्त्र शिकवलंत, आता विषाणूंवर बोलणार?" त्याचं बरोबर आहे. मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा, मला साध्या सर्दीवर औषध देता येत नाही. पण एखादी गोष्ट आपल्याला 'कळली' असं कधी म्हणायचं, हा प्रश्न मी वर्गात आयुष्यभर शिकवला. आणि 2020-21 मध्ये नाशिकपासून दोनेकशे किलोमीटरवर, पुण्यात, काही माणसं तोच प्रश्न रोज हातात घेऊन बसली होती. म्हणून हे धाडस.

थोडं मागून सुरू करतो. 1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. डास आणि गोचिडांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेणं, हे त्याचं मूळ काम. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापानं आजारी पडू लागली, तेव्हा तिथं जाऊन क्यासनूर जंगलताप ओळखला तो या मंडळींनी. 1978 मध्ये संस्थेचं नाव बदललं, राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. आपण तिला एनआयव्ही म्हणतो. सांगायचा मुद्दा असा की करोना विषाणू हा काही या घराचा मूळ विषय नव्हता.

तसा तो फारसा कुणाचाच नव्हता. पहिल्यांदा त्याचं रूप ओळखलं जून अल्मेडा यांनी. ग्लासगोच्या बसचालकाची मुलगी, पैशाअभावी सोळाव्या वर्षी शिक्षण सुटलं, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तिचा हात असा बसला की भल्याभल्यांनी तिच्याकडे नमुने पाठवावेत. कोंबड्यांच्या एका विषाणूवरचा त्यांचा लेख आधी परत आला होता. परीक्षकांचं म्हणणं, ही तर इन्फ्लुएन्झाच्या कणांची वाईट छायाचित्रं आहेत! पुढे लंडनमध्ये माणसाच्या सर्दीच्या नमुन्यात तोच काटेरी प्रभामंडळ त्यांना पुन्हा दिसला. 1968 मध्ये 'नेचर'मध्ये करोना हे नाव छापून आलं. पण सर्दीच ती, तिची काळजी कोण करतो? पस्तीसएक वर्षं हे विषाणू शास्त्राच्या माजघरात पडून होते.

मग सार्स आला. 2002 च्या अखेरीस दक्षिण चीनमध्ये सुरुवात, 2003 च्या मध्यापर्यंत जगात आठ हजारांवर रुग्ण आणि 774 मृत्यू. ज्यांनी हनोईहून जगाला सावध केलं ते डॉक्टर कार्लो अर्बानी स्वतःच त्यात गेले. आपल्याकडे त्या एप्रिलमध्ये आधी गोव्यात, मग पुण्यात संशयित रुग्णांची बातमी आली, तपासण्या एनआयव्हीतच झाल्या, आणि काही दिवस लोक तोंडाला रुमाल बांधून फिरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शेवटच्या यादीत भारतापुढे तीन संभाव्य रुग्ण आणि शून्य मृत्यू असे आकडे आहेत. तो शून्य आपल्याला महागात पडला, असं माझं मत आहे. 2012 मध्ये सौदी अरेबियात उंटांशी नातं असलेला मर्स निघाला. तेव्हाही आपण म्हणालो, ते तिकडचं.

आता 2020. 30 जानेवारीला केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण निश्चित झाला, आणि हे निदान पुण्यात झालं. कसं? आरटीपीसीआरनं. यात विषाणू कुणालाच दिसत नाही. त्याच्या जनुकीय मजकुराचा एक ठरलेला तुकडा शोधतात, दुपटीनं वाढवत नेतात आणि वाढला तर म्हणतात, आहे. आमच्या न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून विस्तव असणार. पण वर्गात एखादा चौकस मुलगा हमखास विचारायचा, "सर, विस्तव विझल्यावरही धूर राहतो, त्याचं काय?" अगदी तेच इथं झालं. बरा झालेला माणूस कित्येक दिवस पॉझिटिव्ह! तुकडे शिल्लक, विषाणू मेलेला. घरोघर भांडणं लागली या एका धुरावरून, आठवतंय ना?

त्या पहिल्याच रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून एनआयव्हीच्या अतनू बसू आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचा कण टिपला. आकार सुमारे 75 नॅनोमीटर. हे झालं प्रत्यक्ष. मात्र तेवढ्यानं भागत नाही, छायाचित्रावर लस तपासता येत नाही. विषाणू जिवंत ठेवावा लागतो. आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातून 1962 मध्ये जपानमध्ये तयार केलेल्या, व्हेरो नावाच्या पेशी असतात. त्यांत नमुना सोडायचा आणि पेशी मरायला लागतात का ते पाहायचं. प्रज्ञा यादव आणि त्यांच्या चमूनं हे मार्च 2020 मध्ये साधलं. पुढे अशाच एका विषाणूचा वाण, एनआयव्ही-2020-770, हैदराबादला गेला आणि त्यातून कोव्हॅक्सिन आली. तुमच्यापैकी काहींच्या दंडात गेलेल्या सुईमागे ही पुण्यातली पेशींची बाटली आहे.

इथपर्यंत अभिमानाची गोष्ट. पुढची सांगताना मला जरा थांबावं लागतं.

विषाणूचा अख्खा मजकूर वाचणं, म्हणजे जनुकीय क्रमनिर्धारण. नक्कल करताना विषाणू चुका करतो, त्या चुकांवरून त्याचं घराणं कळतं. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत रुग्ण एकदम वाढले, महिनाअखेरीस टाळेबंदी लागली. 24 मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की महाराष्ट्रातल्या 15 ते 20 टक्के नमुन्यांत एल 452 आर आणि ई 484 क्यू हे बदल आढळले. आणि त्याच निवेदनात पुढे म्हटलं, रुग्णवाढीशी थेट संबंध जोडण्याइतकी ही संख्या नाही. तर्कशास्त्राचा माणूस म्हणून मी त्या वाक्यात चूक काढू शकत नाही. पुरावा नसताना निष्कर्ष काढू नये, हेच मी शिकवलं. पण पुरावा कमी का होता? बाधितांपैकी 5 टक्के नमुने वाचायचं ठरलं होतं, आपण त्याच्या जवळपासही नव्हतो. कमी वाचायचं आणि मग पुरेसं वाचलेलं नाही म्हणायचं! बरं, जे ओळखलं तो एक भाऊ होता. त्याच घराण्यातला दुसरा, ज्याला नंतर डेल्टा म्हणाले, तो ऑक्टोबर 2020 च्या भारतातल्या नमुन्यांतच होता.

माझा एक मित्र होता, माझ्याच विभागातला, न्यायशास्त्राचा पक्का. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. खोकत होता, तरी म्हणाला, "अरे, चाचणी निगेटिव्ह आली. धूर नाही, पण विस्तव आहे, मला जाणवतोय." मी त्याला म्हणालो, "उगाच अनुमानं काढू नकोस, वाफ घे, झोप." प्राध्यापकी उत्तर दिलं मी. चार दिवसांनी त्याच्यासाठी आम्ही खाट शोधत होतो. मिळाली ती शहराबाहेर, उशिरा. 21 तारखेला इथं महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, वीसहून अधिक माणसं गेली, आणि सारं नाशिक दूरदर्शन संचासमोर बसलं होतं. तो त्या रुग्णालयात नव्हता. गेला मात्र त्याच आठवड्यात.

चाचणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते, विशेषतः लवकर किंवा नीट न घेतलेल्या नमुन्यात, हे तेव्हाही छापून आलेलं होतं. मी वाचलंही होतं. मला ते माहीत होतं, असं म्हणता येईल का, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

31 मे 2021 ला जागतिक आरोग्य संघटनेनं त्या विषाणूला डेल्टा हे नाव दिलं. तोवर नाशिकमधली लाट ओसरू लागली होती. घड्याळ दाखवतायत, थांबतो. दहा मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.