साडेपंचवीस इंच

नागपुरात हवाईयन गिटार शिकायला येणारा कुणीही तारेची लांबी विचारून वाद्य घेत नाही. ती आपल्यासाठी कलकत्त्याने कधीच ठरवून टाकली आहे.

आडवी गिटार मांडीवर घेऊन तारांवरून लोखंडी रॉड फिरवायची रीत हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकूची, १८८० च्या दशकाच्या अखेरची. ताऊ मो हा कलाकार १९२९ मध्ये एका फिरत्या मंडळीबरोबर हिंदुस्थानात आला आणि पुढे १९४० च्या दशकात कलकत्त्यातच राहिला. तिथल्या गार्नी नीसने आपले ‘अलोहा बॉइज’ उभे केले. मग बंगाल्यांनी ते वाद्य असं काही उचललं, की रवींद्रसंगीतही त्यावर वाजू लागलं. आणि बंगाली माणूस नागपूरला काही नवा नव्हता. बंगाल-नागपूर रेल्वेची कंपनी १८८७ ची, १९०० मध्ये गाडी थेट हावड्याला जाऊ लागली. रेल्वे, कोर्ट, कॉलेज, सगळीकडे बंगाली. मी शिकलो ते धंतोलीत, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका मास्टरमोशायकडे. दुर्गापूजेला गावी गेले, की येताना कुणा ना कुणासाठी गिटार घेऊन यायचे.

त्या गिटारी म्हणजे मुळात साध्या स्पॅनिश गिटारीच. पट्टीच्या डोक्याशी उंच नट बसवलं, तारा पडद्यांपासून वर उचलल्या, झाली हवाईयन. त्यामुळे नटापासून घोडीपर्यंतची लांबीही स्पॅनिशचीच राहिली, साधारण साडेपंचवीस इंच. अमेरिकेत मात्र मांडीवरच्या गिटारीचा वेगळा विचार झाला होता. रिकनबॅकरची ॲल्युमिनियमची ‘फ्राइंग पॅन’ १९३२ च्या सुमारास आली, ती साडेबावीस आणि पंचवीस अशा दोन मापांत. पुढे फेंडरनेही एकाच वाद्याची तीन मापं काढली. तिकडे वाजवणाऱ्यासमोर निवड होती. इकडे हावड्याहून गाडीने जे आलं, ते आपलं.

आता तीन इंचांनी असा काय फरक पडतो? तीच तार त्याच सुरात लावली, तर साडेपंचवीस इंचांवर ती साडेबावीसपेक्षा सुमारे २८ टक्के जास्त ताणावी लागते. ताणलेली तार रॉडखाली दबत नाही, सूर फिसकटत नाही, आस लांब राहते. जागाही ऐसपैस मिळते. खुली तार षड्ज धरली, तर तार षड्जापासून वरचा कोमल रिषभ लांब गिटारीवर १८ मिलिमीटरवर असतो, आखूड गिटारीवर १६. दोन मिलिमीटरला हसू नका. भैरवातला रिषभ आंदोलित करायचा तो एवढ्याशा जागेत. ब्रिजभूषण काबरांनी हे वाद्य रागदारीत आणलं, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीच्या बरोबरीने बसवलं, तेही भल्यामोठ्या गिटारीवर. मला यात कलकत्त्याची दूरदृष्टी अजिबात दिसत नाही. सोयीने जे झालं, ते आपल्या मींडेला मानवलं, इतकंच.

सिनेमाची गाणी वाजवणाऱ्यांना याचं सोयरसुतक नव्हतं. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डी रेडिओवर बातम्यांच्या आधी लागायच्या आणि त्या ऐकून आमच्या पिढीतली निम्मी पोरं या नादाला लागली. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात खुर्चीवर बसून वाजवायचं, तिथे लांब गिटार मांड्यांवर नीट मावते. अडचण होते ती सतरंजीवर. मांडी घातली, की पट्टी डाव्या गुडघ्याच्या पुढे जाते, आणि खर्जाकडे जाताना डावा हात खांद्यापासून ताणावा लागतो. मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंतचं अंतर पावणेतेरा इंच. आखूड गिटारीवर ते सव्वाअकरा. मोठ्या माणसाला हा दीड इंच जाणवत नाही, लहान मुलाला नक्की जाणवतो.

महाल भागातून एक मुलगी शिकायला येते, अजून शाळेत आहे. तिची आई म्हणाली, “सर, हिचा खांदा काहून दुखते रोज?” मी शिंप्याची टेप काढली. नटापासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजून दुप्पट केलं, की तारेची लांबी कळते. घोडी तिरकी असली तरी या मापाला धक्का लागत नाही. पावणेतेरा आले, म्हणजे नेहमीचेच साडेपंचवीस. आखूड गिटार इथल्या दुकानात मिळत नाही, आणि बाहेरून मागवायची म्हणजे महिन्याचा पगार.

त्यावर मास्टरमोशायची युक्ती आहे. उंच नट काढायचं आणि त्याच उंचीची पितळी पट्टी दुसऱ्या पडद्यावर बसवायची. पट्टी तारांच्या दाबानेच जागेवर राहते, फक्त खाली फ्लॅनेलचा तुकडा घालावा म्हणजे लाकूड खराब होत नाही. लांबी उरते पावणेतेवीसच्या आसपास. तारा पूर्वीच्याच सुरात लावायच्या, ताण आपोआप कमी होतो. फार सैल वाटल्या, तर एक नंबर जाड तार चढवायची. गिटारीवरचे ठिपके मात्र आता खोटं बोलतात, कारण तार षड्ज चौदाव्या पडद्यावर सरकलेला असतो. म्हणून मी नेलपॉलिशने नव्या खुणा करून दिल्या. रंग तिचाच, गुलाबी. मारव्यापर्यंत पोचली, की पितळी पट्टी काढून पुन्हा नट बसवू.