माळेगावचे घोडे आणि माझा परजीवी

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथला घोड्यांचा बाजार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. घोड्यांना होणारा एक वाईट रोग म्हणजे सर्रा. ताप येतो-जातो, पाय सुजतात, जनावर वाळत जातं. तिकडे लातूर जिल्ह्यात उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही विचारा.

1880 मध्ये डेरा इस्माईल खानला (आता पाकिस्तानात) ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा जीव दिसला. दोनच वर्षांपूर्वी टिमथी लुईसने असाच जीव उंदरांत पाहिला होता, पण ते उंदीर धडधाकट होते. त्यामुळे इव्हान्सचं म्हणणं सहज पटणारं नव्हतं. आज त्या जिवाचं नाव आहे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. माणसाला तो सहसा काही करत नाही. 2004 मध्ये मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. त्यांच्या शरीरात या परजीवीला मारणारं एपीओएल1 हे प्रोटीनच नव्हतं, हे 2006 साली कळलं. सुरामिन या औषधाने ते बरे झाले.

आता माझ्या विषयाकडे येतो. इव्हान्सीचा आफ्रिकेतला जवळचा नातेवाईक म्हणजे ब्रुसी. त्याच्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकांत संदेश अर्धवट लिहिलेला असतो. 1986 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या रॉब बेन यांच्या गटाला एका आरएनएमध्ये चार ‘यू’ अक्षरं जास्तीची दिसली, जनुकात ती नव्हतीच! पुढे असेही संदेश सापडले की ज्यांत निम्म्याहून जास्त मजकूर मागाहून घातलेला होता. अक्षर कुठे घालायचं ते छोटे गाईड आरएनए सांगतात (हे 1990 मध्ये उलगडलं).

पण या गाईडना धरून कोण ठेवतं? जीएपी1 आणि जीएपी2 ही जोडी. दोघं एकमेकांना धरून असतात, एक काढून टाकलं की दुसरंही टिकत नाही, आणि गाईड आरएनएही नाहीसे होतात. एमआरपी1 आणि एमआरपी2 ही दुसरी जोडी दोन-दोन मिळून चौकडी करते. 2006 मध्ये तिची रचना दिसली: आरएनएचा कणा प्रोटीनवर टेकलेला, अक्षरं बाहेर मोकळी, म्हणजे समोरच्या आरएनएशी जुळायला तयार. प्रोटीन आरएनएला कसं धरणार, हे बरंचसं त्याचा जोडीदार ठरवतो. म्हणून ही जोडी फोडणारं औषध शोधावं, असा विचार साहजिकच येतो.

इथे माझी पंचाईत होते. इव्हान्सीने मायटोकॉन्ड्रियातली ती मुख्य जनुकंच गमावलीत. त्यामुळे त्याला त्सेत्से माशीत वाढता येत नाही. साध्या रक्त पिणाऱ्या माशांच्या तोंडाला लागून तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो, म्हणूनच तर आफ्रिकेबाहेर पडला. एटीपी सिंथेज या प्रोटीनमधल्या एका छोट्या बदलामुळे त्याचं त्या जनुकांवाचून भागतं. म्हणजे जोडी फोडणारं औषध उद्या निघालं, तरी माळेगावच्या घोड्यांना त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही. गाईडने हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला होता (आरएनएवाल्या नव्हे, माझ्या!), आणि मी गप्प बसलो होतो.

तरी एक गोष्ट मला सोडत नाही. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गमावलेल्या ब्रुसीमध्येही ही दुरुस्तीची यंत्रणा चालू स्थितीत सापडली आहे, 2003 सालीच. दुरुस्त करायला संदेश नाही, तरी कारागीर हजर. ते तिथे काय करतात, हे मला बघायचंय.